बिज्याचा पेला आणि मधुमेह

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. तरीही हा विषय निवडला, कारण तो आमच्या घरातूनच आला आहे.

आमचे आबाजी पंधरा वर्षांपासून मधुमेही आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आठवडी बाजारातून बिज्याच्या लाकडाचा पेला आणला. रात्री त्यात पाणी ठेवायचे, सकाळी अनशापोटी प्यायचे. "इतकं कडवट हाये, तं गुन येईनच," असे म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी पायाची जखम भरेना. अमरावतीला न्यावे लागले. दोन बोटे गेली. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आजीने मलाच विचारले, "पोरी, झाडपाला खोटा असते काय वं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा अल्प प्रयत्न.

झाडपाला खोटा नाही. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, मधुमेह त्यांपैकी एक. मेथीदाण्यातील तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. गुडमारचे पान चघळले की काही वेळ साखर गोड लागत नाही. पण जिभेला साखर कळली नाही म्हणजे रक्तातील साखर उतरली, असे मात्र नव्हे.

आपल्या मेळघाटातही आढळणाऱ्या बिज्याची तर रीतसर परीक्षा झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र हे रुग्ण नव्याने निदान झालेले होते, त्यांना अर्क मोजून दिला होता आणि रक्त वेळोवेळी तपासले जात होते. आबाजींचा आजार जुना, पेल्यातील पाण्याचे माप नाही आणि तपासणी तर बंदच! एकाच झाडाच्या नावाखाली या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. आबाजींनी सोडलेली गोळी मेटफॉर्मिनची होती. तिचे मूळही एका वनस्पतीतच आहे! युरोपातील 'गॅलेगा' या झुडपात साखर उतरविणारे द्रव्य सापडले, परंतु ते विषारी होते. त्याच्याशी नाते असलेले मेटफॉर्मिन 1922 साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1957 साली फ्रान्समध्ये डॉ. झाँ स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे झाडपाला आणि गोळी यांत वैर नाही. विष वेगळे काढणे, मात्रा ठरविणे व रुग्णांवर पडताळणे, एवढे अंतर त्या दोहोंत आहे.

'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, हेही आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कुणाला काढा घ्यावयाचा असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्यावा. गोळी आणि काढा मिळून साखर एकदम खाली जाण्याचाही धोका असतो. पण गोळी आपल्या मनाने कधीही सोडू नये.

हे सारे मी आबाजींना वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "हे आंधी सांगतलं असतं तं!" मित्रहो, आपल्याही घरी एखादे आबाजी असतील. त्यांना आधीच सांगा, एवढीच विनंती.