मागच्या सीटवरून

जावईबापूंनी गाडीला काय काय लावलं त्याची यादी तू पाठवलीस. क्रॅश गार्ड, फॉग लॅम्प, हँडलला मोबाइलचा होल्डर, इंजिनाखाली जाड पत्रा. सगळी यादी पुढे बसणाऱ्याची! मागे बसणाऱ्याच्या नावावर फक्त एक हेल्मेट, तेही कायद्याने सक्तीचं म्हणून. पुण्याहून लेह आणि परत, एक गाडी, दोघं आणि तंबू. गाडी पुढचा माणूस चालवतो हे खरं, पण असा प्रवास कुठवर जाणार हे मागची सीट ठरवते. तुझ्या काकांच्या येझदीवर मागे बसून माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यातलं कामाचं तेवढं सांगते. जावईबापूंनाही वाचून दाखव. राग आला तर मावशीवर काढा म्हणावं.

पहिली गोष्ट, तासाला एकदा उतरायचं. गाडी छान पळतेय, रस्ता मोकळा आहे, अजून पन्नास किलोमीटर मारू, हे ऐकायचं नाही. चालवणाऱ्याच्या हाताला हँडल असतं, पायाला ब्रेक असतो, डोक्याला काम असतं. मागच्याला काहीच नसतं, म्हणून मागच्याची कंबर आधी जाते. उतरून दहा मिनिटं चाल, गुडघे मोकळे कर, पाणी पी. आणि पाणी पिण्यात कंजुषी करू नकोस. वाटेत सोय होणार नाही म्हणून आपण बायका सकाळपासून घोटभरावर राहतो आणि तिसऱ्या दिवशी उन्हाळी लागते. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि शौचालय फुकट मिळतं. पेट्रोल भरलं नसलं तरी सरळ जाऊन विचारायचं. कुलूप असेल तर किल्ली मागायची. लडाखमध्ये मात्र लांब लांब पंप नाहीत आणि झाडांचा आडोसाही नाही. तिथे घेरदार पोंचो रेनकोट अंगावर असला की झालं. कागद पिशवीत घालून परत आणायचा, त्या हवेत काही कुजत नाही. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर मनाने गोळ्या घेऊ नकोस, डॉक्टरला विचार आणि उंचीवर जाणार आहोत हेही सांग.

बसायची पद्धत घरीच ठरवा. जावईबापू दोन्ही पाय टेकून ‘बस’ म्हणाले की मगच चढायचं. वळणावर गाडी झुकते तसं तिच्याबरोबर झुकायचं. घाबरून उलट्या बाजूला अंग टाकलंस तर गाडी वळणाबाहेर जाते. सोपी युक्ती म्हणजे वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, अंग आपोआप बरोबर राहतं. ब्लूटूथवर हेल्मेटमधून बोलता येतं म्हणे तुम्हाला. चांगलंय, पण त्याची बॅटरी संपते. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे जागा बघून थांब, असं काहीतरी ठरवून ठेवा. आणि ओढणी घरी ठेव. चेनमध्ये ओढणी जाऊन झालेले अपघात मी पाहिलेत, जास्त लिहीत नाही.

आता सामान. गाडीच्या पुस्तकात ती एकूण किती वजन उचलते ते छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. तुम्ही दोघं, जॅकेट-बूट धरून, एकशे चाळीस किलो धरा. उरलेल्या आकड्यातच सगळं बसलं पाहिजे. तंबू, हत्यारं, स्टोव्ह, पाणी ही जड मंडळी दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि जमेल तितकी तुझ्या पायांजवळ. सीटच्या मागच्या डब्यात फक्त हलकं. मागच्या चाकाच्याही मागे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात हँडल भलतीच भाषा बोलायला लागतं. हुकांच्या रबरी दोऱ्यांवर विश्वास ठेवू नका, बकलाचे पट्टे घ्या. हुक सुटला तर तो चाकातच जाऊन बसतो. सामान चढवून, दोघं बसून, मग मागचे शॉक ॲब्सॉर्बर कडक करून घ्या, टायरमध्ये डबल सीटची हवा भरा आणि हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरचा ट्रकवाला तुम्हाला शिव्या घालत येईल.

मागचं चाक हे तुझं खातं समज. रोज सकाळी निघण्याआधी चेनचा ताण, टायरची हवा, सामानाचे पट्टे तू बघायचे, जावईबापूंनी नव्हे. पाचशे किलोमीटरला चेनला तेल, पावसात भिजली असेल तर त्याच संध्याकाळी, चेन गरम असताना. तारांची चाकं असतील तर बहुधा आत ट्यूब असते. पंक्चरवाला कुठेही भेटेल, तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. दोन्ही चाकांच्या ट्यूब, क्लच केबल, क्लच आणि ब्रेकची लिव्हर, प्लग, फ्यूज एवढं बरोबर घ्या. क्लच केबल तर जुन्या केबलच्या शेजारूनच बांधून ठेवतात, तुटली की टोकं बदलायची आणि चालायला लागायचं. निघायच्या आधी एकदा घरासमोर चाक काढून परत बसवा. दोघांनीही. आणि हो, गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलंस का? जावईबापूंना ताप आला तर गाडी कुणी चालवायची?

तंबूबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. अर्धा देश तो बांधलेलाच राहू दे. तुम्ही जुलैत निघणार. नाशिक, धुळे, शिरपूर, मग पळासनेर ओलांडून सेंधव्याचा बिजासन घाट, पुढे माळवा, राजस्थान, पंजाब. या पट्ट्यात तेव्हा एकतर पाऊस नाहीतर उकाडा, शिवाय डास आणि साप. अशा वेळी तंबूत झोपून काय सिद्ध करायचं आहे? ढाब्यावरची खाट, धर्मशाळा, पंजाबात गुरुद्वारा. गुरुद्वाऱ्यात राहायला आणि जेवायला जात-धर्म विचारत नाहीत. डोकं झाका, पादत्राणं बाहेर, तंबाखू-दारू आत न्यायची नाही आणि सकाळी निघताना लंगरची भांडी घासायला हात लावा. कुठे गावाजवळ तंबू टाकावाच लागला तर आधी सरपंचाला किंवा शाळेच्या मास्तरांना विचारायचं. विचारल्यावर सहसा अंगणच मिळतं, वर चहा. न विचारता टाकलात तर रात्री दोन वाजता चार बॅटऱ्या तोंडावर. जंगल खात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय नाहीच.

मुक्कामाची जागा चार वाजता शोधायला लागा. संध्याकाळी हायवेवर गुरं बसायला येतात, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या निघतात, आणि थकलेल्या माणसाला दोन्ही दिसत नाहीत. सपाटीवर दिवसाला साडेतीनशे-चारशे, डोंगरात दीडशे किलोमीटर म्हणजे भरपूर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जरा नीट वाच. लेहला जायला नेहमीचे दोन रस्ते. एक मनालीवरून, एक श्रीनगरवरून. फोटो मनालीच्या रस्त्याचे जास्त छान येतात म्हणून सगळे तिकडूनच चढतात. तुम्ही श्रीनगरवरून चढा आणि मनालीवरून उतरा. कारण सांगते. मनाली साधारण दोन हजार मीटरवर. तिथून निघून सरचूला झोपलात तर एक-दोन दिवसांत चार हजार दोनशेच्या वर पोचता, मध्ये बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) जवळजवळ चार हजार नऊशे मीटरवर. शरीराला तयारीला वेळच मिळत नाही. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत. पुढे सोनमर्ग, मग ३,५२८ मीटरची झोजी ला, द्रास, आणि कारगिलला उतरून झोप पुन्हा सत्तावीसशेच्या आसपास. मग ४,१०८ मीटरची फोतू ला ओलांडून लेह, साडेतीन हजारावर. उंच चढायचं आणि खाली येऊन झोपायचं, हे या रस्त्यावर आपोआप होतं. लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडी झाकून ठेवा. खर्दुंग ला कुठे पळून जात नाही. परतीला ५,३२८ मीटरची टांगलांग ला चढाल तेव्हा अंग सवयीचं झालेलं असेल.

तरीही डोकं दुखतं, भूक जाते, मळमळतं. तेवढ्यावर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. पण माणूस झोकांड्या द्यायला लागला, बरळायला लागला, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येऊ लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी गाडी भाड्याने करून खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी इथूनच डॉक्टरला विचारून घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आणि हे लक्ष ठेवायचं काम तुझ्याकडे का सोपवते? कारण गाडी चालवणारा पुरुष डोकं दुखतंय हे कबूल करत नाही. तुझे काका तर ‘हेल्मेट घट्ट आहे’ म्हणायचे. बटण लावण्यासारख्या साध्या गोष्टी चुकायला लागल्या की समज.

मनालीच्या रस्त्यावर नाले आडवे येतात. बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारनंतर गुडघ्यापर्यंत येतो. मोठे नाले सकाळीच ओलांडा. तू उतरून चालत जा. बूट भिजतील, भिजू देत. पेट्रोलचं सांगायचं तर लेहहून निघताना टाकी काठोकाठ भरा, कारूला संधी मिळाली तर पुन्हा. केलाँगजवळच्या तांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी प्रसिद्ध पाटी आहे, तुम्ही ती उलट्या बाजूने भोगणार. ओझ्याने आणि चढाने ॲव्हरेज पडतं, म्हणून पाच लिटर पत्र्याच्या डब्यात वेगळं. अटल बोगद्याने रोहतांगची खिंड टळते, पण तुम्ही हौशी आहात, तुमचं तुम्ही ठरवा.

तंबूची हौस या मनालीच्या रस्त्यावर भागवा. जिस्पाला नदीकाठी छान जागा आहे, पण कोरड्या ओढ्यात नाही, पाण्याच्या अगदी कडेलाही नाही. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, पाऊस त्याच्यावर पडून आत येतो. पैसे स्लीपिंग बॅगपेक्षा खालच्या मॅटवर घाला, थंडी जमिनीतून येते. बॅगा घेताना एकीची चेन डावी, दुसरीची उजवी घ्या, म्हणजे दोन्ही जोडून एक होते. हे दुकानदार सांगत नाही. स्टोव्ह किंवा शेगडी तंबूच्या आत कधीही नाही, कितीही कुडकुडलात तरी. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. गॅसची छोटी टाकी आणि मोबाइल मात्र रात्री बॅगेत घेऊन झोपा, थंडीत दोन्ही मान टाकतात.

खायचं बघ. सरचूच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. दीड लिटरचा कुकर घे, वजन वसूल होतं. नाहीतर शिजवायचंच नाही असं ने. सातूचं पीठ, गूळपापडी, मेतकूट, लसणाची चटणी. भूक मेलेली असते तेव्हा गोडापेक्षा ही चटणीच घास आत ढकलते.

भांडण होणार. बहुतेक दुपारी एक ते तीनच्या दरम्यान होतं, पोट रिकामं असतं तेव्हा. रस्ता बदलायचा, पुढे जायचं, परत फिरायचं, यातला कुठलाही निर्णय उपाशीपोटी घ्यायचा नाही. आणि दोघांपैकी एकाने ‘आज पुरे’ म्हटलं की पुरे, कारण विचारायचं नाही. परतीला दिल्लीत किंवा चंडीगडला कंटाळा आला तर गाडी रेल्वे पार्सलने पाठवून द्या. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आरसी बुकाची प्रत लागते. पाठवलीत तर कमीपणा नाही, मी कुणाला सांगणार नाही.

राहता राहिलं, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. निघायच्या आठवडाभर आधी एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या. नाहीतर तिकडे तुम्ही तंबूत गाढ झोपाल आणि इकडे तुझी आई दर तासाला मला फोन करून माझी झोप मोडेल.