झिजलेला सस्पेन्शनचा भाग वॉरंटीत बसतो का?

प्रश्न : गाडी घेऊन अडीच वर्षे झाली, ३५ हजार किलोमीटर झाले. गतिरोधकावरून जाताना पुढच्या चाकाकडून खटखट आवाज येतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, 'लोअर आर्मचे बुश गेलेत, ही झीज आहे, पैसे भरावे लागतील.' वॉरंटी तर तीन वर्षांची आहे. मग ती कशासाठी?
– एक वाचक, धानोरा (जि. नंदुरबार)

उत्तर : मुदत शिल्लक असताना भाग गेला तर खर्च आपण का सोसायचा, ही तुमची शंका. थोडक्यात सांगायचे तर भाग वापराने झिजला असेल तर खर्च तुमचा, मुळातच सदोष असेल तर कंपनीचा. पंचाईत एवढीच, की आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो.

वॉरंटी म्हणजे भाग तीन वर्षे टिकेल याची हमी नव्हे. 'मालात किंवा बनावटीत दोष निघाला तर भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ,' एवढेच ते वचन असते. म्हणून तर ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर हे भाग सहसा त्यातून वगळलेले असतात.

आता सस्पेन्शन पाहू. बुश म्हणजे दोन लोखंडी भागांमधले रबर. प्रत्येक खड्ड्याचा धक्का ते खाते, हळूहळू चिरते, मग लोखंडाला ढिलाई मिळते आणि खटखट सुरू होते. शॉकअपचे तसे नाही. त्यात तेल असते आणि ते ऑइल सीलने रोखलेले असते. सील फुटले की तेल गळते आणि गाडी उसळू लागते. काही कंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेत सगळे रबरी भाग वगळून ऑइल सील मात्र अपवाद ठेवलेले असते. त्यामुळे एकाच गाडीचा गळका शॉकअप फुकट बदलून मिळतो आणि बुशचे पैसे पडतात. शॉकअपवर नुसती ओल दिसली तर तिला गळती मानत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मग दोष ओळखायचा कसा? दोन्ही बाजूंचे बुश मागेपुढे सारखेच गेले असतील, तर ती बहुधा झीज. एकाच बाजूचे फार लवकर गेले, किंवा बदलल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा गेले, तर दोषाचा संशय घ्यायला जागा आहे. आर्मच वाकला असेल तर तो आदळल्याचा परिणाम. तो वॉरंटीत येत नाही, पण अपघाती नुकसान म्हणून विम्याकडे विचारून पाहावे. नुसती झीज मात्र विमाही देत नाही.

'आपल्याकडचे रस्ते खराब, म्हणून वॉरंटी नाही,' असेही ऐकायला मिळते. तोरणमाळच्या किंवा चांदसैलीच्या घाटातून गाडी नेणे हा गैरवापर नव्हे. रस्त्याने झीज लवकर होते, हे खरे. पण क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे किंवा खासगी गाडी भाड्याने चालवणे या गोष्टींवर कंपनी बोट ठेवू शकते.

शेजाऱ्याच्या गाडीवरून आपली मुदत ठरवू नका. मारुतीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. यातले जे आधी भरेल तिथे मुदत संपते. जादा पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीतही वगळलेल्या भागांची यादी असतेच.

तेव्हा आधी पुस्तिकेतली ती यादी वाचा. बुश यादीत असेल, तर सर्व्हिस सेंटरचे म्हणणे बरोबर आहे. नसेल, तर 'झीज' कशावरून ठरवली ते जॉब कार्डवर लिहून मागा. काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. आवाजाची तक्रार मुदत संपण्याआधीच जॉब कार्डवर नोंदवा, म्हणजे पुढे 'उशिरा आलात' असे कोणी म्हणणार नाही.

तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मात्र एका बुशसाठी नवी गाडी मागू नका. वॉरंटीचे बंधन सदोष भाग बदलून देण्यापुरते असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्लचच्या तक्रारीवरून आलेल्या मारुतीच्या एका खटल्यात म्हटले आहे.

आणि निकाल काहीही लागो, बुश बदलायला उशीर करू नका. ढिल्या आर्मवर गाडी चालवली तर टायर एका बाजूने झिजतात, आणि ते टायर कोणत्याच वॉरंटीत बसत नाहीत.