'तब्येत सुधारली' म्हणजे काय झाले?

वजन वाढलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'तब्येत सुधारली हो तुमची!' आणि बारीक झालेल्याला विचारतो, 'बरं नव्हतं का?' इंदूरच्या मराठी घरांत हे नित्याचेच. अर्थविचार शिकवण्यात माझी उमेद गेली. पण या प्रयोगाकडे लक्ष गेले ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. करोनाने दादाला प्राणवायू लावावा लागला. 'आधीचा काही आजार?' डॉक्टरांनी विचारले. 'काही नाही, तब्येत उत्तम,' मी म्हणाले. त्यांनी दादाकडे पाहिले आणि कागदावर लिहिले, 'स्थूलता'.

आपली भाषा मुळात चुकलेली नाही. 'क्षय' म्हणजेच झिजणे. दुष्काळ आणि क्षयरोग पाहिलेल्या समाजाला अंगावरचे मांस हेच आरोग्य वाटणार. तरीही चरकसंहितेने सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात अतिकृशाबरोबर अतिस्थूलालाही बसवले आहे. हा समतोल आपल्या बोलण्यात उतरला नाही.

श्वसनाच्या विषाणुजन्य आजारात स्थूलता दोन वाटांनी घात करते. पोटातील चरबी श्वासपटलाला वर रेटते; त्यामुळे फुप्फुसांचे खालचे भाग पुरते फुगत नाहीत, आडवे पडल्यावर तर अधिकच. दुसरे असे की चरबी हा निव्वळ साठा नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात जात राहतात. शरीर आधीच मंद धुमसत असते. विषाणू आल्यावर पहिला प्रतिकार उशिरा होतो आणि मागाहून उठणारा दाह आवरत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हा धोका ठळकपणे नजरेस आला. करोनाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

भारतीयांसाठी मर्यादाही कडक आहेत. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागून २५ किंवा अधिक आले, तर ती स्थूलता. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपुढे गेली, तरी सावध व्हावे.

स्थूलतेसाठी आपल्याजवळ कौतुकाचे शब्द आहेत, 'ढेरपोट्या'सारखे टिंगलीचेही आहेत. काळजीचा शब्द मात्र चटकन सापडत नाही. टिंगलीने माणूस दुखावतो, कौतुकाने गाफील राहतो. दादाला वर्षानुवर्षे मी यांपैकी कौतुकच ऐकवले.

तो बरा होऊन घरी आला तेव्हा शेजारच्या काकू हळहळल्या, 'तब्येत पार उतरली रे!' आता दर महिन्याला मी त्याला एवढेच विचारते, 'दादा, कंबर मोजलीस का?'