दंडाची शीर : लचकली की तुटली?



ऊसतोडीच्या दिवसांत "हात लचकला" ही तक्रार गावोगावी ऐकू येते. बंडीवर चढवताना मोळी निसटते, वाकवलेल्या हातानेच आपण ती सावरायला जातो आणि कोपरापाशी 'कट्' असा आवाज होतो. आपल्या तिरोडा भागात धानाचे पोते उचलतानाही हेच घडते. मग शेक, तेल, मालिश. आठ-दहा दिवसांत दुखणे उतरते नि गडी कामाला लागतो. घात होतो तो इथेच.

दंडाची बेटकुळी कोपराखालच्या हाडाला एका जाड दोराने बांधलेली असते. या दोराला कंडरा म्हणतात. तो हाडापासून उपटला तर बेटकुळी वर सरकते, कोपराच्या खळग्यात काळे-निळे पडते. हात वाकतो, कारण दुसरे स्नायू मदतीला असतात. म्हणून तर माणूस फसतो. पण पाना आवळताना, किल्ली फिरवताना जोर लागत नाही. तळहात वर वळवण्याची ताकद सुमारे ४० टक्के घटते. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांत हे जास्त आढळते.

घरी एक परीक्षा करता येते. कोपर काटकोनात वाकवून तळहात वर वळवावा. दुसऱ्या हाताची तर्जनी खळग्यात बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या बाजूने आकड्यासारखी घालावी. दोर शाबूत असेल तर बोट त्यात अडकते. आतल्या बाजूने चाचपू नये, तिथे दुसराच पडदा लागतो. चांगल्या हाताशी ताडून पाहावे. शंका राहिली तरी डॉक्टरांकडे जावेच.

एक्स-रेत हाड मोडलेले नाही असे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. एक्स-रेत कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. लागतो. तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून पुढे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

अर्धवट फाटले असेल तर विश्रांती व व्यायामावर भागू शकते. पूर्ण तुटले असेल नि हाताने कष्टाचे काम करायचे असेल, तर शस्त्रक्रिया करून दोर पुन्हा हाडाला बांधतात. ती दोन-तीन आठवड्यांच्या आत झालेली बरी. नंतर दोर आखडतो, मग शरीरातल्या दुसऱ्या जागची कंडरा जोडावी लागू शकते. वयस्क, हलके काम करणाऱ्यास शस्त्रक्रियेवाचूनही चालते, ताकद मात्र कमीच राहते.

शस्त्रक्रियेनंतर निदान तीन महिने मोळी उचलणे बंद. आणि विडीही! तेंदूपत्ता आपल्याच जंगलातला असला तरी धूम्रपान करणाऱ्यांची ही कंडरा लवकर तुटते.