उरलेली लोकर, म्हणून फुकट?

उरलेल्या लोकरीचा मऊ गालिचा जवळजवळ फुकटात होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की ती कोणी काट्यावर ठेवून पाहत नाही. ठेवली की लगेच कोसळते. पलंगाशेजारी टाकायच्या मापाचा, दोन फूट बाय तीन फुटांचा गोंड्यांचा गालिचा धरा. गोंडा अडीच इंचाचा. रुंदीत दहा आणि लांबीत पंधरा गोंडे बसवले तरच खालची जाळी दिसत नाही. म्हणजे झाले दीडशे. एक गोंडा दाट भरायचा तर दहा ग्रॅमच्या आसपास लोकर खातो, तेव्हा गालिच्याला लागते दीड किलो. आता एका स्वेटरमागे लोकर उरते किती? विणणारीचा अंदाज चांगला असेल तर फार तर तीस ग्रॅम. या हिशेबाने दीड किलो जमायला पन्नास स्वेटर विणून व्हायला हवेत. ज्या मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, आणि तेही २२ जानेवारी १९६२चं, तिथे पन्नास स्वेटर विणतं कोण? आपण विणतो ती बाळांची टोपडी, पायमोजे, फार तर पुण्या-नाशकाच्या नातवंडांचे दोन स्वेटर. त्यातून उरतात मुठीएवढे गुंडे. म्हणून तथाकथित उरलेल्या लोकरीच्या गालिच्यात बहुतेक वेळा निम्मी लोकर नवी असते. ती करणारीने स्वतःच्या पैशांनी, न बोलता आणलेली असते, आणि पुढची सगळी कटकट त्या न बोलण्यातून उभी राहते.

हे इतक्या तावातावाने लिहायला कारण आहे. ज्यांच्यामुळे लिहिते आहे त्यांचं नाव घेत नाही आणि हकिगतही सांगत बसत नाही. विणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्याकडे तशीच एक निघेल. त्या मंडळींची विचार करण्याची रीत मात्र नीट पाहण्यासारखी आहे. वस्तू मागताना ती ‘तुमच्या हातची’ असते. मापं कळवली जातात, पडद्यांना जुळेल असा निळा सांगितला जातो, काम अर्ध्यावर आलं असताना ‘अजून जरा मऊ होईल का’ असा निरोप येतो. आकडा सांगितला की तीच वस्तू एका क्षणात उरल्यासुरल्याची होते. ‘शिल्लकच होती ना तुमच्याकडे?’ या एका प्रश्नात सगळी गोम आहे. कारण शिल्लक मालात रंग निवडता येत नाही. असेल तो असतो. पडद्यांना जुळणारा निळा हवा म्हटलं त्याच वेळी शिल्लक लोकरीची गोष्ट संपली, तिथून पुढे ते ऑर्डरचं काम झालं. माटुंग्याच्या फूलवाल्याकडे ताजा मोगऱ्याचा गजरा मागून कालच्या झेंडूचा भाव द्यायला कोणी धजत नाही. विणणाऱ्या बाईपुढे मात्र ते सहज जमतं, आणि वर आपण तिला प्रोत्साहन दिलं अशी भावनाही असते. मला चीड येते ती या भावनेची. पैसे कमी आहेत असं सरळ म्हटलं असतं तर माणूस समजून घेतो.

दुसरं ऐकावं लागतं ते ‘लोकर ती लोकर’. माटुंग्यात राहून तरी हे बोलू नये. अडेनवाला रोडवर कापसाच्या तंतूची लांबी, बारीकी आणि ताकद तपासणारी केंद्रीय संस्था आहे, तिचं काम १९२४ साली सुरू झालं. जवळच व्हीजेटीआयमध्ये वस्त्रोद्योगाचं तंत्र शिकवलं जातं. १९३३ साली सुरू झालेल्या आणि आपण अजून यूडीसीटीच म्हणतो त्या संस्थेत, रंग धाग्याला का धरतो आणि का सुटतो यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या खपल्या. एवढी हुशार माणसं एका धाग्यामागे लागली, ती काही वेळ जात नव्हता म्हणून नव्हे. दुकानात आपण लोकर म्हणून घेतो त्यातली पुष्कळशी ॲक्रिलिक असते. खरी लोकर हवेतलं बाष्प आपल्या वजनाच्या साधारण सोळा टक्के धरून ठेवते, सूत साडेआठ टक्के आणि ॲक्रिलिक जेमतेम दोन. हे आकडे प्रमाणित हवेतले; जुलै महिन्यातली माटुंग्याची हवा त्याहून कितीतरी दमट. त्यामुळे एकाच गालिच्यात शेजारी बसलेले तीन गोंडे तीन तऱ्हांनी वागतात. गरम पाण्यात घातलं की खऱ्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, गोंडा आटतो, त्याचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. ॲक्रिलिकचा तसा नमदा होत नाही. सूत पाणी पिऊन जड होतं आणि चार दिवस वाळत नाही. गालिचा मग मध्येच आक्रसतो, कडेला फुगतो, आणि ठपका येतो करणारीवर. शिवाय कसर लागते ती खऱ्या लोकरीला. ॲक्रिलिक ती खात नाही, त्यामुळे गालिचा अर्धा शाबूत आणि अर्धा टक्कल पडलेला दिसतो. डांबरगोळ्या कपाटात चालतात, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर त्या ठेवणार कुठे?

म्हणून माझं म्हणणं असं की उरलेल्या लोकरीच्या कामातला सर्वांत महाग भाग निवडण्याचा आहे, आणि नेमका तो कोणाला दिसत नाही. प्रत्येक गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून काडी लावावी लागते. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडली जाईल अशी काळी राख राहिली तर खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राखाडी राख म्हणजे सूत. ॲक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. तो लगेच हाताने चाचपू नका, चांगलाच चटका बसतो. मिश्र धाग्याला वासही मिश्र येतो. असा गुंडा बाजूला ठेवलेला बरा. मग रंग सुटतो का ते पाहायचं, ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून. लाल आणि गडद निळा यांच्यावर माझा अजिबात विश्वास नाही.

मऊपणाच्या आग्रहाचंही असंच आहे. मऊ आणि पायाखाली टिकणारं या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. अंगावर मऊ लागणाऱ्या मेरिनो लोकरीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आत असतो. गालिच्याची लोकर ३० मायक्रॉनच्या पुढची, जाड आणि ताठ, म्हणजे पाय उचलला की ती पुन्हा उभी राहते. आपल्याकडचं धनगरी घोंगडं अंगाला टोचतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, ते याच जाड्याभरड्या लोकरीमुळे. आपल्या पिशवीत साठलेले गुंडे असतात बाळाच्या टोपड्याचे: बारीक, पीळ कमी, गालाला लागावेत असे. त्यांचा गालिचा पहिल्या आठवड्यात हात फिरवावा असा दिसतो. वावर असलेल्या खोलीत थोड्याच दिवसांत तो मधोमध बसतो आणि त्यावर गोळे धरतात. यात हाताचा दोष नसतो, मागणीचा असतो. मऊ हवा तर तो पलंगाशेजारी, देवघरापुढे, खुर्चीवर, म्हणजे चप्पल आणि वर्दळ नाही अशाच जागी टाकायचा. दारात टाकायला मऊ गालिचा मागणाऱ्याला मी तरी आता सरळ नाही म्हणते.

वेळेचा हिशेब मांडला की समोरचा गप्प होतो, म्हणून तो मांडायलाच हवा. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर लोकर गुंडाळा, कडेने कात्री चालवा, चकत्यांच्या फटीत दोरा घालून आवळा, गाठ मारा, झटका, मग चहूबाजूंनी भादरून गोल करा. सरावाच्या हाताला एका गोंड्याला दहा मिनिटं लागतात. दीडशे गोंड्यांचे पंचवीस तास झाले. जाळीवर बांधणं आणि पाठीला कापड शिवणं वेगळंच. आठ तासांचा दिवस धरला तरी तीन दिवसांच्या वर काम. घरी रंगारी तीन दिवस बोलावला तर त्याची मजुरी आपण आधी विचारतो, आणि डब्यात तळाला उरलेला रंग भिंतीला लावला म्हणून ती निम्मी करत नाही. माल उरलेला असला तरी हाताची मजुरी उरलेली नसते. हे गिरणगावाला तरी वेगळं सांगायला नको. लालबाग-परळच्या गिरण्यांतून निघणारा सुताचा कचरासुद्धा वजन करून विकला जात असे, कापडाचे तुकडे फेंट म्हणून जात, आणि आजही गॅरेजवाला हात पुसायला वेस्ट घेतो ते किलोने, पैसे मोजून. शिल्लक मालाला भाव नसतो, ही कल्पना फक्त घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या बाबतीतच सुचते. गोधडी शिवणाऱ्या आज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या काही दिलं नाही, त्याची ही सवय आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, बाजारात शंभर-दोनशे रुपयांत पायपुसणं मिळतं, मग तुमचं महाग का? मिळतं, आणि ते जरूर घ्यावं. पानिपतला जगभरातले जुने स्वेटर गाठोड्यांनी उतरतात, रंगाप्रमाणे वेगळे केले जातात, यंत्रावर फाडून-पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो. तो स्वस्त पडतो कारण निवड, रंग आणि यंत्र यांचा पसारा शेकडो टनांवर वाटला जातो. चार फुटी गॅलरीत बसून तो भाव गाठता येत नाही आणि गाठायचा प्रयत्नही करू नये. दुसरा आक्षेप, तुमचा छंदच आहे ना, मग पैसे कसले? यशवंत नाट्यमंदिरात काम करणाऱ्या नटालाही नाटकाची आवडच असते. तिथे आपण तिकीट काढतो, निदान पास मागताना जीभ चाचरते. छंद कोणासाठी आणि किती करायचा हे छंद असणाऱ्याने ठरवायचं. तिसरा आक्षेप वजनदार आहे: टाकाऊचं टिकाऊ करणं ही पर्यावरणाची सेवा आहे. तत्त्व मान्य. पण घरातली अर्धा-पाऊण किलो उरलेली लोकर खपवायला तेवढीच नवी विकत आणली, तर वाचवलं काय? ॲक्रिलिक धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातातच. आहे तेवढ्याच लोकरीत आहे तेवढीच वस्तू करणं, एवढाच त्या सेवेचा प्रामाणिक अर्थ होतो.

आता करणाऱ्यांसाठी काही. साहित्य चांगलं घ्या आणि घाई करू नका, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. पुढचं मात्र लक्षात ठेवा. गोंडा आवळायला लोकरीचा धागा वापरू नका, ताण आला की तुटतो किंवा सरकतो; गोधडी शिवायचा जाड सुती दोरा दोनपदरी घ्या, दोन्ही टोकं वीतभर सोडा आणि त्यांनीच जाळीवर गाठ मारा. पाठीला घसरू नये म्हणून रबराची जाळी लावल्याशिवाय गालिचा घराबाहेर देऊ नका. आपल्या गुळगुळीत लाद्यांवर घरातलं वयस्कर माणूस पडलं तर तुमच्या कलेचं कौतुक कोणी करणार नाही. रांगत्या बाळासाठी गोंड्यांचा गालिचा करूच नका, सुटलेला धागा तोंडात जातो किंवा बोटाला गुंडाळला जातो. तिथे मुक्या खांबांनी घट्ट विणलेलं क्रोशाचं आसन बरं, लोकरही कमी लागते. किंग्ज सर्कलच्या सखल भागात तळमजल्याला राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकावा, भिजला तर तो मुंबईत सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. धुण्याची रीत कागदावर लिहून वस्तूबरोबर द्या, म्हणजे गरम पाण्यात घालून आटवल्यावर तक्रार तुमच्या दारात येणार नाही.

आणि पैशाचं. ऑर्डर घेताना तीन आकडे वेगळे लिहा: नवी लोकर किती रुपयांची, घरची किती ग्रॅम, मजुरी किती तास. पहिला आकडा आगाऊ घ्या, ओळखीच्यांकडून तर नक्की घ्या. रंग सांगणाऱ्याला घरची लोकर हिशेबात धरून देऊ नका. ज्यांना हे रुचत नाही ते दुसरीकडे जातील, जाऊ द्या. घरची लोकर काट्यावर ठेवून एक किलोच्या आत भरली, तर गालिच्याचा विचार सोडा आणि फूटभर लांबी-रुंदीची बसकरं करा; पंचवीसेक गोंड्यांत एक होतं आणि त्याला नवी लोकर आणावी लागत नाही.