काडीपेटी दाराशी ठेवून

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आयुष्य गेलं, संसारही तिथल्या वसाहतीतच झाला. बंगाल, बिहार, आंध्र, केरळ, पंजाब. जिथून माणूस आला तिथला देव त्याच्या ट्रंकेतून आला. पवित्र जागा आणि पूजेच्या वस्तू यांबद्दल मला पोथीतून थोडं कळलं, दारूगोळ्याच्या कामातून जास्त.

१. सोवळ्यामागचं कारण ठाऊक असलं की माणूस ते निमूट पाळतो. स्फोटकांच्या इमारतीत जाताना काडीपेटी, विडी, मोबाइल बाहेर ठेवायचा. झडती होते. रोजचे जोडे आखलेल्या रेषेअलीकडे काढायचे, पलीकडे आतले घालायचे. साहेब असो की हेल्पर, रेषा सगळ्यांना सारखी. मशिदीत वजू, गुरुद्वारात डोकं झाकणं, देवळात अनवाणी जाणं, हे मला तेव्हापासून कधी कर्मकांड वाटलं नाही. उलट ज्या देवळात रांगेतल्यांची आणि वशिल्याच्यांची अशा दोन रेषा असतात, तिथे माझं मन रमत नाही.

२. पितळ हा शहाणा धातू आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. समई, घंटा, ताम्हण आमच्याकडच्या लग्नात हमखास. पोलादावर पोलाद आपटलं तर ठिणगी उडू शकते, म्हणून स्फोटकांच्या कामात पितळेची, तांब्याच्या मिश्रधातूंची हत्यारं वापरतात. ज्योत धरायला समई पितळेची, ठिणगी टाळायला हातोडीही पितळेची! चिंच लावून समई घासताना मला अजूनही याची गंमत वाटते.

३. ज्योतीवाचून पूजा होते. १७ सप्टेंबरला बंगाली-बिहारी मंडळींचा विश्वकर्मा, पुढे आपली खंडेनवमी. यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, बाहेर प्रसाद. जिथे आग चालत नाही तिथे उदबत्ती पेटवायची नाही, आणि त्याने कुणाचा देव रुसल्याचं ऐकलं नाही. ज्यूंच्या शब्बाथमध्ये तर आग पेटवणंच वर्ज्य. तिथे मेणबत्त्या सूर्यास्ताआधी लावून ठेवतात.

४. एकाच तिथीला दोन घरांत दोन सण असतात. दसऱ्याला एका क्वार्टरमध्ये शस्त्रपूजा, तर शेजारच्या घरी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीची तयारी. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्म स्वीकारला. त्याआधी दोनच वर्षं, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, याच भंडाऱ्याने त्यांना हरवलं होतं. आज इथल्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. संध्याकाळी त्या शेजाऱ्यांकडे सोनं द्यायला आम्ही जातो, ते दीक्षाभूमीहून परतलेले असले तर चहा होतो. याला सर्वधर्मसमभाव वगैरे म्हणायची गरज आम्हाला कधी पडली नाही.

५. देवाला जाब विचारण्याची घाई बाहेरच्यांना असते. २४ जानेवारी २०२५ ला इथे स्फोट होऊन ८ कामगार गेले. तेव्हा ‘देव कुठे होता’ हा प्रश्न मला दुरून आलेल्या फोनवर ऐकू आला. वसाहतीत लोक विचारत होते ते एवढंच, की कोणत्या पाळीत कोण होतं.

६. देवघर लहान ठेवावं. बदली, निवृत्ती, क्वार्टर सोडणं ठरलेलंच. संगमरवरी मखर करणाऱ्यांची ट्रक भरताना तारांबळ उडते. ज्यांचा देव रुमालात मावतो ते सुखी.

७. मूर्ती नसली तरी जागा रिकामी नसते. हे पटायला मक्केपर्यंत जायला नको, आपल्या जिल्ह्यातली पवनी पुरे. १९६९-७० च्या उत्खननात तिथे जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप सापडला. तिथल्या शिल्पात पाच फण्यांचा नागराज मुचलिंद आहे, झाड आहे, आसन आहे. आसनावर बुद्ध कोरलेला नाही. बसणारा कोण ते बघणाऱ्याने ओळखायचं. पवनीला रुयाडचा नवा महास्तूप पाहून परत फिरणारे पुष्कळ. टेकडीसाठी वेळ काढा, आणि उन्हाळ्यात जाऊ नका.