ठिपके मोजण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

भूगोल म्हणजे राजधान्या पाठ करणे आणि नकाशे रंगविणे, असा समज आपल्या महाविद्यालयात अजूनही आढळतो. इतर विषयांचे मित्र आमची प्रात्यक्षिकाची वही पाहतात तेव्हा मात्र चकित होतात, कारण तिच्यात वर्गमुळे, प्रमाण त्रुटी आणि सांख्यिकीय कसोट्या यांचीच गर्दी असते. यांपैकी ‘निकटतम शेजारी विश्लेषण’ हे प्रात्यक्षिक मला सर्वांत आवडले. सूत्रात आकडे घालून उत्तर काढणे त्यात मुळीच अवघड नाही. परंतु ते उत्तर कोणत्या अटींवर खरे मानायचे, हा प्रश्न सहसा वहीत उतरत नाही. या अटींना सांख्यिकीत गृहीते म्हणतात. प्रस्तुत लेखात त्या गृहीतांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

नकाशावर आपण ठिपका देतो तो एखाद्या गावासाठी, विहिरीसाठी, अपघाताच्या जागेसाठी किंवा रुग्णाच्या घरासाठी. असे पुष्कळ ठिपके झाले की पहिला प्रश्न येतो तो त्यांच्या मांडणीचा. ते पुंजक्यांनी आहेत, सारखे अंतर राखून आहेत, की कसेही पडलेले, म्हणजे यादृच्छिक आहेत? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यादृच्छिक म्हणजे सगळीकडे सारखे नव्हे. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब अंगणात कसे पडतात ते आठवावे. कुठे दोन-तीन थेंब अगदी जवळजवळ पडतात, तर कुठे वीतभर जागा कोरडी राहते. तरीही त्यामागे काही योजना नसते. प्रत्येक थेंबाला अंगणातील कोणतीही जागा सारखीच मोकळी असते आणि एका थेंबाला दुसऱ्याची खबर नसते. ‘सारखीच मोकळी जागा’ आणि ‘परस्परांची खबर नसणे’ या दोन गोष्टींवर आपले सारे सूत्र उभे आहे.

हे सूत्र मुळात भूगोलाचे नाही. फिलिप क्लार्क आणि फ्रान्सिस इव्हान्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते १९५४ साली वनस्पतींच्या मांडणीचा अभ्यास करण्यासाठी मांडले आणि पुढे भूगोलतज्ज्ञांनी ते गावे व शहरे यांना लावले. त्यात प्रत्येक बिंदूपासून त्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचे अंतर मोजून सरासरी काढतात. मांडणी यादृच्छिक असती तर ही सरासरी किती आली असती, ते असे काढतात:

अपेक्षित अंतर = ½ × √(क्षेत्रफळ ÷ बिंदूंची संख्या)

प्रत्यक्ष सरासरीला या अपेक्षित अंतराने भागले की निर्देशांक मिळतो. तो १ च्या आसपास असेल तर मांडणी यादृच्छिक, ० कडे झुकला तर पुंजक्यांची आणि १ च्या वर गेला तर नियमित समजावी. त्याची कमाल किंमत सुमारे २.१५ असते. वॉल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ साली दक्षिण जर्मनीच्या अभ्यासातून केंद्रस्थान सिद्धान्त मांडला, त्यातील एकाच दर्जाच्या गावांसारखी त्रिकोणी जाळीची मांडणी असेल तरच ही कमाल किंमत येते.

पहिले गृहीत : चौकट

सूत्रात क्षेत्रफळ आहे, पण ते कोणते घ्यावे हे सूत्र सांगत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, २५ गावे आहेत आणि निकटतम अंतरांची सरासरी १.३ किलोमीटर आहे. आपण या गावांभोवती १०० चौरस किलोमीटरची चौकट आखली, तर अपेक्षित अंतर १ किलोमीटर येते आणि निर्देशांक १.३. म्हणजे मांडणी नियमिततेकडे झुकते. आता चौकट मोठी करून शेजारचा डोंगर आणि जलाशय तिच्यात घेतले आणि क्षेत्रफळ ४०० चौरस किलोमीटर झाले, असे धरू. तिथे एकही गाव नसल्याने गावे तीच राहिली आणि अंतरेही तीच राहिली. अपेक्षित अंतर मात्र २ किलोमीटर झाले आणि निर्देशांक ०.६५ वर उतरला. आता तीच गावे ‘पुंजक्यांची’ ठरली!

यावर कोणी म्हणेल की, सार्थकतेची कसोटी लावली म्हणजे खरे-खोटे कळेल. म्हणून तीही लावून पाहू. प्रमाण त्रुटी पहिल्या वेळी सुमारे ०.१० येते आणि दुसऱ्या वेळी ०.२१. त्यांवरून काढलेली प्रमाणित किंमत अनुक्रमे २.८७ आणि उणे ३.३५ येते. ९५ टक्के विश्वासासाठी १.९६ ची मर्यादा असते. दोन्ही उत्तरे ती सहज ओलांडतात. म्हणजे परस्परविरुद्ध असे दोन्ही निष्कर्ष कसोटीला उतरले. कसोटी आपल्या गणिताची पारख करते; आपल्या चौकटीची पारख ती करीत नाही.

म्हणून ज्या जागी बिंदू असणे शक्यच नाही, ती जागा क्षेत्रफळातून वगळावी. कोयनेच्या शिवसागर जलाशयात गाव वसणार नाही आणि सह्याद्रीच्या उभ्या कड्यावरही वसणार नाही. स्थलदर्शक नकाशाची चौकोनी कड ही छपाईच्या सोयीची असते; वस्तीची सीमा तिच्याशी जुळेलच असे नाही.

चौकटीच्या कडेचा आणखी एक प्रश्न आहे. कडेजवळच्या गावाचा खरा शेजारी पुष्कळदा पलीकडच्या नकाशावर असतो. तो सोडून आपण आतला लांबचा शेजारी मोजला, तर सरासरी उगाच वाढते. बिंदू थोडे असले म्हणजे हा परिणाम अधिक जाणवतो. शेजारचा नकाशा लावून अंतर मोजणे हा त्यावर साधा उपाय होय. ते शक्य नसेल तर चौकटीच्या आत एक पट्टा राखून ठेवावा. त्या पट्ट्यातील गावे शेजारी म्हणून धरावीत, पण त्यांच्यापासून सुरू होणारी अंतरे सरासरीत घेऊ नयेत.

दुसरे गृहीत : सर्वत्र सारखी शक्यता

या गृहीताचा काळजीपूर्वक केलेला वापर आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाच्या १९४६ सालच्या एका छोट्या टिपणात दिसतो. (वर उल्लेखिलेले क्लार्क वेगळे.) दुसऱ्या महायुद्धात जून १९४४ पासून लंडनवर जर्मनीचे उडते बाँब पडू लागले. ते ठराविक भागांवर नेमके पुंजक्यांनी पडतात, असा समज तेव्हा पसरला होता. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेऊन त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौरस पाडले. एकूण ५३७ बाँब पडले होते. २२९ चौरसांत एकही नाही, २११ चौरसांत एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार आणि एका चौरसात सात, अशी मोजणी झाली. यादृच्छिक मांडणीसाठी प्वासाँ वितरणाने येणारे आकडे अनुक्रमे २२६.७४, २११.३९, ९८.५४, ३०.६२, ७.१४ आणि पाच व अधिकसाठी १.५७ असे आहेत. हे साम्य पाहून मन थक्क होते. काय-वर्गाची किंमत केवळ १.१७ येते, स्वातंत्र्य मात्रा ४ असताना ती ९.४९ च्या वर गेली असती तरच शंकेला जागा होती.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती क्लार्क यांची पूर्वतयारी. त्यांनी सबंध लंडन घेतले नाही. बाँबच्या माऱ्याची सरासरी घनता जिथे जवळजवळ सारखी होती, असाच भाग त्यांनी निवडला. सबंध लंडन घेतले असते तर काही भागांवर मारा जास्त आणि काही भागांवर कमी, एवढ्यानेच ‘पुंजके’ दिसले असते.

येथे आपणही एक पडताळणी करू शकतो. काय-वर्ग कसोटीत प्रत्येक गटाची अपेक्षित संख्या निदान ५ असावी, असा आमच्या वहीतला नियम आहे आणि शेवटच्या गटात ती १.५७ च आहे. म्हणून शेवटचे दोन गट एकत्र करावेत. मग प्रत्यक्ष ८ आणि अपेक्षित ८.७१ असा गट होतो. काय-वर्ग सुमारे १.०२ येतो, स्वातंत्र्य मात्रा ३ होते आणि मर्यादा ७.८१. निष्कर्ष बदलत नाही. गृहीत तपासल्याने निष्कर्ष नेहमी कोसळतो असे नाही. पुष्कळदा तो अधिक भक्कम होतो.

शक्यता सर्वत्र सारखी नसेल तर काय करावे, याचा धडा लंडनच्याच १८५४ सालच्या कॉलऱ्याच्या साथीत आहे. डॉ. जॉन स्नो यांनी सोहो भागातील मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती त्यांची दाटी दिसली. पण जिथे माणसे दाट, तिथे मृत्यूचे ठिपकेही दाट असणारच. मग पंपाचा दोष कशावरून? स्नो यांनी केवळ ठिपक्यांवर विसंबून न राहता, माणसे असूनही ठिपके नाहीत अशा जागा पाहिल्या. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसे राहत होती, पण कॉलऱ्याने ५ च दगावली. तिथे स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरांवर कामगार होते. त्यांतला एकही दगावला नाही. ते पंपाचे पाणी पीत नसत. पुढे हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मोपदेशकाने घरोघर फिरून, आजारी न पडलेल्यांचीही चौकशी केली. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढला गेला ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्यामागची ही तुलना मात्र फारशी सांगितली जात नाही. सांख्यिकीच्या भाषेत सांगायचे तर, ठिपक्यांच्या घनतेची तुलना रिकाम्या जमिनीशी न करता लोकसंख्येशी करावी.

तिसरे गृहीत : परस्परांपासून स्वतंत्र बिंदू

पावसाचा एक थेंब दुसऱ्याला ओढून आणीत नाही. गावाचे तसे नसते. मूळ गावातून वाडी निघते, शेताच्या सोयीसाठी वस्ती होते, ओढ्यापलीकडे पाच-दहा घरे जातात. देशावर घरे बहुधा गावठाणात एकवटलेली असतात, तर कोकणात एकच गाव अनेक वाड्यांत विखुरलेले असते. अशा ठिकाणी बिंदू स्वतंत्र असल्याचे गृहीत धरता येत नाही. निर्देशांक १ पेक्षा कमी आला तर ‘यादृच्छिक नाही’ एवढेच सिद्ध होते. जमीन सर्वत्र सारखी नाही म्हणून तसे झाले, की एका वस्तीतून दुसरी फुटली म्हणून, हे निर्देशांक सांगत नाही. त्यासाठी जमिनीवरच उतरावे लागते.

यातूनच सर्वांत मूळचा प्रश्न निघतो: ठिपका म्हणजे नेमके काय? २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागाचे एकक महसुली गाव हे होते. त्या यादीवरून ठिपके दिले तर वाड्या गावाच्या ठिपक्यात विरून जातात. माझे घर अशाच एका वाडीत आहे, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. यादीवरून नकाशा काढला तर आमची प्राथमिक शाळा गावाच्या ठिपक्यावरच, म्हणजे शून्य अंतरावर येते. आम्ही मुले मात्र ओढा ओलांडून पाऊण तास चालत तिथे जात होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीची शाळा चालत जाण्याच्या १ किलोमीटर अंतरात असावी, अशी अपेक्षा आहे. हे अंतर गावठाणापासून मोजायचे की वाडीपासून? पट्टीने सरळ रेषेत मोजायचे की पायवाटेने? निर्देशांक कितीही दशांश स्थळांपर्यंत अचूक काढला, तरी या प्रश्नांचे उत्तर त्यातून मिळत नाही. गावठाणांचे ठिपके घेतले तर मांडणी नियमित दिसू शकेल, वाड्या धरल्या तर तीच पुंजक्यांची दिसेल. दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नाला बरोबर असतील. पण शाळा, नळयोजना किंवा एस.टी.चा थांबा ठरवायचा असेल तेव्हा कोणता प्रश्न विचारायचा, हे आधी ठरले पाहिजे.

समारोप

आज हे सारे गणित संगणक क्षणात करतो. क्यूजीआयएस ही मोफत मिळणारी प्रणाली एका कळीसरशी निर्देशांक देते. पण ती आपल्याला क्षेत्रफळ विचारीत नाही. बिंदूंना वेढणारा आयतच ती क्षेत्र म्हणून धरते. त्या आयतात डोंगर आहे की धरण, हे तिला ठाऊक नसते. म्हणून साधन जितके सोपे, तितकी आपली जबाबदारी अधिक.

माझ्या वर्गमित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या पानावर, सूत्राच्याही आधी, आपण चार ओळी लिहाव्यात: ठिपका कशाचा आहे, चौकट कोणती व का घेतली, त्या चौकटीत सर्वत्र शक्यता सारखी आहे का, आणि बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का. जिथे उत्तर ‘नाही’ येईल तिथे तसे स्पष्ट लिहावे, आणि शक्य असेल तर चौकट बदलून गणित पुन्हा करून दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी मांडावीत. या कामाला फार तर आणखी एक तासिका लागेल. पण तपासणाऱ्या प्राध्यापकांना आणि पुढे त्या नकाशावरून काही ठरविणाऱ्या कोणालाही, आपल्या निष्कर्षावर कितपत विसंबावे हे त्यामुळे कळेल.